नजमाचं वजन

एका जागी बसणं मला जन्मात जमलं नाही. आता गुडघे बसवतात म्हणून बसते, पण अठराव्या वर्षी कुणी मला खुर्ची दिली की मी तिच्या कडेला टेकायची, जणू कुणीतरी आत्ता हाक मारणार आहे. हाक कुणीच मारत नव्हतं. ईसा टाउनच्या शाळेतून बाहेर पडून मला वर्ष होत आलं होतं, निकाल बरा होता, टायपिंग येत होतं, आणि घरात माझ्यासाठी दोनच कामं होती: अम्माला नारळ खवून देणं आणि अम्माने सांगितलेलं स्थळ नाकारणं. नारळ मी वाईट खवायची. स्थळं चांगली नाकारायची.

आम्ही रत्नागिरीकडचे. खाडीकाठचं गाव, अर्ध्या घरांतले पुरुष आखातात. अब्बा आधी इथे आले, एका घोडेस्वारीच्या क्लबात कारकून म्हणून चिकटले, आणि मग आम्हाला बोलावून घेतलं. दोन खोल्यांचं घर, खिडकीत एसीचं खोकं, ते एवढं घरघरायचं की अम्मा म्हणायची, गावातली भातगिरणी आपल्याबरोबर विमानात बसून आली. त्या घरघरीवर अम्माचं शिलाई मशीन, त्यावर शेजारच्या बंगाली कुटुंबाचा रेडिओ, आणि या सगळ्यावर माझ्या भावाचं, हनीफभाईचं, आंघोळ करताना शीळ घालणं. भाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दिवसा सलमाबादच्या एका गॅरेजात गाड्यांचे पोचे ठोकायचा आणि पहाटे क्लबातले घोडे फिरवायचा. पहाटेचा हनीफ आणि दिवसाचा हनीफ हे दोन वेगळे पोरगे होते. पहाटेचा शीळ घालायचा. दिवसाचा घरी आला की हात धुवायलासुद्धा कंटाळायचा आणि अम्माने पुढ्यात ठेवलेल्या तांदळाच्या भाकरीचे तुकडे करत बसायचा, खायचा नाही.

क्लब इंग्रजांचा. बँकांतले, कंपन्यांतले साहेब आणि त्यांच्या बायका. पिकअपने वीस मिनिटं, रस्ता संपला की वाळू, वाळूत तबेले. दर हिवाळ्यात त्यांची एक उड्यांची शर्यत व्हायची. तेलाची रिकामी पिंपं आडवी टाकायची, त्यावर खजुरीच्या झावळ्या बांधायच्या, असे सात अडथळे, दोन फेऱ्या. पैसा लावायची बंदी होती आणि अब्बांनी नोकरी घेण्याआधी हे तीन वेळा विचारून घेतलं होतं. जिंकणाऱ्याला एक चांदीचा कप आणि वर्षभर फुशारकी. अब्बा म्हणायचे, “जुगार हराम. घोडा धावणं हराम नाही. घोडा धावला नाही तर तो गाढव.”

आता पर्किन्स साहेब. साठी उलटलेला, सडपातळ, विलायतेत म्हणे आयुष्यभर हेच काम केलेलं: उड्यांच्या शर्यतीत कुठल्या घोड्याची किती आशा आहे ते जोखायचं आणि त्याप्रमाणे कुणाच्या पाठीवर किती वजन चढवायचं ते ठरवायचं. चांगल्या घोड्याला जास्त ओझं, कच्च्याला कमी. जोखणाऱ्याचं माप अचूक असेल तर सगळे घोडे शेवटच्या खांबापाशी एकाच वेळी पोचले पाहिजेत. तसं कधी होत नाही. पण साहेबाला ते एकदा तरी बघायचं होतं, आणि दुर्दैव असं की त्याला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, साईसारखा. हे क्लबात फक्त अब्बांना ठाऊक. साहेबाला ऑपरेशनची भीती वाटत होती, आणि डोळे गेल्याचं कळलं असतं तर काम गेलं असतं, कामाबरोबर व्हिसा. विलायतेत त्याचं कुणी नव्हतं. म्हणून एक दिवस अब्बा घरी येऊन म्हणाले, “जुबी बेटा, साहेबाला टायपिस्ट हवी आहे.” अम्माने मशीन थांबवून विचारलं, “एवढं काय टाइप करतो तो, घोड्यांना पत्रं लिहितो?”

मी टायपिंग कधीच केलं नाही. पहाटे अब्बांच्या पिकअपमधून जायची, डोक्यावर ओढणी, हातात वही. साहेब घडीच्या खुर्चीत मान तिरकी करून बसलेला असायचा, आणि घोडे जायला लागले की विचारायचा, “काय दिसतं?” पहिल्या दिवशी मी म्हटलं, “घोडे दिसतात.” त्याने मान दुसऱ्या बाजूला तिरकी केली. मग म्हणाला, “चांगली सुरुवात आहे. आता पाय बघ.”

त्या माणसाने मला बघायला शिकवलं. उडी कुणीही बघतो, तो म्हणायचा, तू उडीच्या आधीची तीन पावलं बघ. घाबरलेला घोडा तिथे पावलं मोडतो, हुशार घोडा तिथे पावलं मोजतो. जिंकलेली शर्यत काही शिकवत नाही, हरलेली बघ: दमला म्हणून हरला, पडला म्हणून हरला, की वाळू भुसभुशीत होती म्हणून हरला, ही तीन हरणं वेगळी. मी सगळं वहीत मराठीत लिहायची, म्हणजे कुणा साहेबाच्या हातात पडली तरी कळायला नको. ती वही माझ्याकडे अजून आहे आणि वाचली की मला माझीच लाज वाटते, इतकी मी स्वतःवर खूश होते. ‘मेजर. तांबडा, मोठा. उडीआधी विचार करतो. ताकद आहे, घाई नाही. लग्नाच्या जेवणात पहिल्या पंगतीला बसणारा.’ ‘बिस्किट. पांढुरका, म्हातारा. सातवा अडथळा दिसला की त्याला घर आठवतं.’ सहा घोडे होते, सहांवर असली शेरेबाजी. नजमावर मात्र शेरा नाही. तिच्या पानावर फक्त आकडे आहेत, आणि ते मी इतके गिरवले आहेत की कागद फाटायला आलाय.

नजमा काळपट घोडी, अंगाने बारीक, कोल मॅडमची. तिच्यावर हनीफभाई बसायचा. ते दोघं अडथळ्याकडे निघाले की मला वही विसरायला व्हायचं. तिची शेवटची तीन पावलं एकसारखी पडायची, अम्माच्या मशीनच्या टाक्यांसारखी, आणि मग ती उठायची, आणि भाई तिच्या मानेवर असा वाकायचा की त्याला हाडंच नाहीत. कोल मॅडम पन्नाशीची, नवऱ्याची बदली झालेली, मार्चमध्ये घर गुंडाळून विलायतेला निघालेली. तिथे तिच्या भावाचा तबेला. त्या जानेवारीत तिने भाईला सांगितलं, “नजमा जिंकली तर ती माझ्याबरोबर येईल, आणि तिच्याबरोबर तूही. हरली तर मी तिला इथेच विकते. भावाला मी हरणारी घोडी नेऊन दाखवणार नाही.” व्हिसा, तिकीट, राहायला खोली, सगळं. आणि दुसऱ्या बाजूला सलमाबादच्या गॅरेजवाल्याने दोन वर्षांचा करार पुढे केला होता, अब्बांनी तो वाचून टेबलावर वजनाखाली ठेवला होता. शर्यतीनंतर सही, असं ठरलेलं.

तो महिना आमच्या घरात कुणीच नीट बसलं नाही. अब्बा हिशेब नसतानाही रजिस्टर उघडायचे. भाई मध्येच उठून भिंतीला पाठ लावून वजन उतरवायला उठाबशा काढायचा. अम्मा त्याच्याकडे बघायची, मग त्याच्या ताटाकडे, मग माझ्याकडे, जणू घोडा मीच आणलाय. “पोरगा पडला तर?” ती विचारायची. “पडत नाय गो अम्मा तो,” मी म्हणायची. “सगळे नाय पडत. मग एक पडतो.” आणि मी ओट्याच्या कडेला टेकून पाय हलवत, खवणीकडे दुर्लक्ष करून, बडबडत असायची: मेजर एकशे चोपन्न, बिस्किट एकशे छत्तीस, नजमा एकशे अठ्ठेचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस पौंड, भाई आणि खोगीर धरून, म्हणजे बरोबर मेजरला खेटून येते. मी हे स्वतःशी म्हणायची. अभ्यासाची सवय, मोठ्याने म्हटलं की पाठ होतं.

आणि गुरुवारी साहेबाने वजनं ठरवायला बसवलं तेव्हा मी काय केलं ते आता लिहिते. मागे एकदा हे मी नातीला सांगितलं. आम्ही आता इथेच जुफैरला चौदाव्या मजल्यावर राहतो, खाली टॅक्स्या, समोर दुसऱ्या इमारतीची काच. नातीने मोबाइलमधून मान वर काढली आणि म्हणाली, “दादी, सो यू चीटेड.” मी म्हटलं, हो. तिने पुन्हा मान खाली घातली. एवढ्या वर्षांच्या गोष्टीचा निकाल एवढ्यात लागतो हे बरं आहे.

साहेब म्हणाला, “नजमा?”

मी म्हटलं, “उजवा पुढचा पाय जड टाकते. दुसऱ्या फेरीत दम लागतो. तिसरी येईल, नाहीतर चौथी.”

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “नवल आहे. मला तिची पावलं हलकी ऐकू आली.”

“वाळू ओली होती साहेब आज. दव पडलेलं. ओल्या वाळूत सगळ्यांचीच हलकी ऐकू येतात.”

वाळू ओली नव्हती. आंधळ्या माणसाला वाळू ओली आहे म्हणून सांगायला मला अर्धा श्वाससुद्धा लागला नाही. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “मग एकशे चाळीस.” मी लिहिलं. आठ पौंड. घरी जाताना पिकअपमध्ये मी स्वतःला भाईचं नशीब लिहिणारा फरिश्ता समजत होते. अठरा वर्षांचा फरिश्ता, चपलेचा अंगठा तुटलेला, नखं खाल्लेली. खरं सांगायचं तर मला स्वतःला कुठेतरी जायचं होतं, कुठे ते ठाऊक नव्हतं, आणि मला कुणी नेत नव्हतं, म्हणून मी भाईला पाठवत होते.

वजन चढवायची त्या क्लबाची रीत आमच्याच घरातून गेली होती. विलायतेत त्यासाठी शिशाच्या पट्ट्या असतात. इथे त्या मिळेनात तेव्हा अब्बांनी आमच्याकडच्या खलाशांकडून मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे तुकडे आणले, दोन तुकड्यांचा एक पौंड, आणि अम्मा जाड कापडाच्या पिशव्या शिवून त्यात ते ओळीने कप्पे करून बसवायची. खोगीराखाली पिशवी. प्रत्येक शर्यतीला अब्बा चिठ्ठी आणायचे, घोड्याच्या चित्राशेजारी एकूण पौंडांचा आणि तुकड्यांचा आकडा, कारण अम्माला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. क्लबाच्या कामातली ही तिची एकटीची जागा. शर्यतीच्या दिवशी ती तंबूत सुई-दोरा घेऊन बसायची, आणि साहेबांच्या बायका तिला ‘मिसेस लेड’ म्हणायच्या. आम्ही तिला त्याचा अर्थ, शिसेवाल्या बाई, सांगितला तेव्हा ती दोन दिवस गालात हसत होती.

शर्यतीआधी स्वार खोगीर आणि पिशवी मांडीवर घेऊन काट्यावरच्या खुर्चीत बसतो. काट्याची तबकडी टेबलाकडे. साहेब ऐटीत चष्मा लावून वाकायचा, मी रजिस्टरावर मान घालून आकडा पुटपुटायची, आणि तो तोच आकडा खणखणीत आवाजात पुकारायचा. लोकांना वाटायचं, काय नजर आहे. चार स्वार झाले. पाचवा भाई. तो बसला, आणि मी तबकडीकडे बघितलं. काटा एकशे अठ्ठेचाळीसवर.

मी परत बघितलं. भाईने मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याने ती उचलून आणली होती, त्याला न कळायला तो काय दगड होता? पिशवीच्या खालच्या कडेला एक जास्तीची शिवण होती, अम्माच्या हातची, दुहेरी टाका. तंबूच्या दाराशी अम्मा हातातला दोरा तोडत उभी होती आणि आमच्याकडे बघत नव्हती. मला कळलं असं मला वाटलं. जड ओझ्याची घोडी हळू पळेल, हळू पळेल ती पडणार नाही, आणि हरली तर पोरगा घरी राहील. अम्माने सोळा तुकडे चोरून घातले आहेत.

“जुबेदा,” साहेब दबक्या आवाजात म्हणाला.

बाहेर कोल मॅडम, आत अब्बा, रांगेत सहावा स्वार. मी खरा आकडा सांगितला असता तर पिशवी तिथेच उसवली असती, सगळ्यांसमोर. भाईने हनुवटी जराशी आडवी हलवली. नको. मी म्हटलं, “एकशे चाळीस.” साहेबाने पुकारलं, एकशे चाळीस. भाई उठला आणि पिशवी अशी काखेत घेऊन गेला की तिच्यात कापूस आहे. मला अजून आठवतं, मी त्या क्षणीही घाबरले नव्हते. मला वाटलं, नजमा आठ पौंड जास्त घेऊनही जिंकेल. माझंच माप मी विसरले होते.

शर्यत मला बघता आली नाही, सांगावी लागली. साहेबाच्या कानाशी उभी राहून.

“सुटले. मेजर पुढे. बिस्किट दुसरा, नजमा चौथी. पहिला अडथळा सगळे पार.”

“तिची पावलं?”

“एकसारखी.”

“पुढे.”

“एक पडला, साहेब. भाई नाही, तिसरा होता तो. उठला, स्वार उठला. पहिली फेरी संपली, मेजर, नजमा, बिस्किट. बिस्किट मागे पडतोय. त्याला घर आठवलं.”

“काय?”

“काही नाही. मेजर आणि नजमा. पाचवा. दोघं बरोबर. सहावा. नजमा पुढे, अर्धी मान. साहेब, नजमा पुढे.”

“जोरात बोलू नकोस.”

“सातवा. उठली. उतरली. जड उतरली.” हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मी गप्प झाले.

“जुबेदा, काय दिसतं?”

“मेजर येतोय,” मी म्हटलं. “येतोय. आला. खांब.” मग मला सांगावं लागलं, “मेजर. एका तोंडाने पुढे.”

साहेबाने एक मोठा श्वास सोडला आणि तो चक्क हसला. “एका तोंडाने,” तो म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोन घोडे त्याच्या मनासारखे जवळजवळ एकत्र आले होते, आणि ते आपल्या वजनांनी आले असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं.

धावून आल्यावर स्वाराला पुन्हा काट्यावर बसवतात. भाईच्या तोंडावर वाळू, ओठ फाटलेला. कोल मॅडमने त्याच्या खांद्यावर थाप मारली, “हार्ड लक, हनीफ,” आणि ती वळली. हातमोजे काढत ती चालायला लागली, आणि ते दोन हातमोजे निघेपर्यंत मला सलमाबादचा तो करार दिसला, टेबलावरच्या वजनासकट. साहेब वाकला. आणि मी पुटपुटले नाही, मोठ्याने म्हटलं, “एकशे अठ्ठेचाळीस. आठ पौंड जास्त.”

उडीआधी तीन पावलं बघणारी मी. पुढचा अडथळा मला दिसलाच नाही. साहेब सावकाश म्हणाला, “मघाशी एकशे चाळीस होतं. मी पुकारलं होतं.” लोक त्याच्याकडे बघायला लागले, त्याच्या चष्म्याकडे, मग माझ्याकडे. कुणीतरी म्हणालं, काटा बिघडलाय का? अब्बांच्या हातातलं पेन थांबलं. साहेबाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

तेव्हा अम्मा पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अब्बांना म्हणाली, “सांगा त्यांना. मोजल्यावर पट्टा तुटला होता पोराच्या पिशवीचा. मी घाईत दुसरी दिली. चुकीची दिली. मला काय कळतं, मी अडाणी बाई.”

पट्टा तुटला नव्हता. अब्बांनी ते इंग्रजीत सांगितलं, प्रत्येक शब्द दाताखाली खडा आल्यासारखा. साहेबांच्या बायकांपैकी एकीने ‘ओ डिअर’ केलं. कोल मॅडम मात्र परत आली, तिने पिशवी हातात घेऊन जोखली आणि म्हणाली, “म्हणजे आठ पौंड जास्त घेऊन तो एका तोंडाने हरला.” तिने भाईकडे वरपासून खालपर्यंत नव्याने बघितलं. “मार्चमध्ये. दोघंही.”

निकाल मेजरचाच राहिला, कप त्याचा. पण आमच्या घरात कप कुणाला हवा होता. घरी आल्यावर अब्बा अम्माला एवढंच म्हणाले, “उद्यापासून क्लबाचं शिवण बंद. टेलरकडे देतो. माझी मान खाली गेली आज.” अम्मा म्हणाली, “बरं.” भाई मध्ये पडायला गेला तर त्यालाही म्हणाले, “तुझी आई आहे म्हणून गप्प बसलो. दुसरी कुणी असती तर खलास.”

संध्याकाळी अम्माने तांदळाची सांदणं वाफवायला ठेवली, पोरगा जाणार म्हणून की काय, आणि मी ओट्यापाशी उभी राहिले. पहिल्यांदाच टेकले नाही. मला तिची दया येत होती, वरून माफ केल्यासारखी दया, ती लिहितानाही आता माझे कान तापतात. मी म्हटलं, “अम्मा, तू सोळा तुकडे घालायला नको होतेस. पण मी कुणाला सांगणार नाही.”

तिने झाकण उचललं, वाफ बघितली, झाकण ठेवलं. “काय नाय सांगणार?”

“तू चोरून वजन वाढवलंस ते.”

“मी वाढवलं?” ती म्हणाली. “महिनाभर इथे बसून जप कोण करत होतं? नजमा एकशे अठ्ठेचाळीस, नजमा एकशे अठ्ठेचाळीस. माझ्या डोक्यात घुसला तो आकडा. मग तुझ्या बापाने चिठ्ठी आणली, त्यावर एकशे चाळीसचा हिशेब. मी म्हटलं, शिकलेली पोरगी घरात एक बोलते नि कागदावर दुसरं लिहिते, तर खरं कुठलं? घरातलं खरं. तेवढं घातलं. एक तुकडा जास्त नाय.”

मी ओट्याला टेकले.

“आणि पोरगा हरला असता नि राहिला असता तर बरं वाटलं असतं,” ती म्हणाली, “तेही खोटं नाय. पण मी ओझं खरं घातलं होतं.”

“मग तू तिथे असं का सांगितलंस? पट्टा तुटला म्हणून?”

“मग काय सांगू? माझी पोर आंधळ्याला फसवते?” तिने माझ्यापुढे ताट केलं. “घे. नारळ खव. जाड नको खवू.”

मी म्हटलं, मी अब्बांना सांगते, आत्ता. ती म्हणाली, “सांग. मॅडमच्या कानावर जाईल. साहेबाचे डोळे कळतील, तो गेला. हनीफचं जाणं गेलं. कुणाकुणाचं जातं ते बघ नि सांग. तू जोखणारी ना.” आणि मी जोखलं. महिनाभर जोखत राहिले, घरभर फिरत, पिकअपमध्ये, साहेबाच्या खुर्चीमागे उभी राहून. एकदा शब्द जिभेवर आले आणि साहेब म्हणाला, “त्या दिवशीची वजनं माझ्या आयुष्यातली सगळ्यात अचूक होती, जुबेदा,” आणि मी ते गिळले. टेलरने शिवलेल्या पिशव्यांचे कप्पे उसवायचे, तुकडे वाळूत पडायचे, तबेल्यातली माणसं कुरकुरायची, आणि घरी अम्मा रिकामं मशीन पुसायची. पुन्हा तिला कुणी मिसेस लेड म्हटलं नाही.

हनीफभाई आता तिकडचाच झाला. दोन्ही गुडघे पडून पडून गेलेत, नातवंडं गोरी. जमल्यावर हमखास किस्सा सांगतो, अम्माने चुकीची पिशवी दिली आणि माझं नशीब उघडलं. लोक हसतात. मीही हसत आले. अम्मा होती तोवर तीही हसायची, सगळ्यात आधी.

मार्चमध्ये आम्ही त्याला विमानतळावर सोडायला गेलो. अब्बांचा कोट त्याला खांद्यात घट्ट होत होता. अब्बा कागदपत्रं तिसऱ्यांदा तपासायला काउंटरकडे गेले आणि भाई माझ्यासमोर उभा राहिला, हसत, शीळ घालायच्या बेतात असल्यासारखे ओठ, आणि म्हणाला, “काय गो जुबे, आज पाय नाय हलवत?” मी म्हटलं, “भाई, तुला एक सांगायचंय. त्या वजनाचं.” माझ्या दंडाला मागून अम्माची बोटं लागली. चिमटा नव्हे, दंड नुसता धरला. भाईने विचारलं, “काय?” आणि अम्मा माझ्या कानाशी, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “हलका जाऊ दे गो त्याला.”

मी म्हटलं, “काही नाही. तिकडे थंडी असते. स्वेटर वर ठेवलाय.”